घरच्या सर्व्हरसाठी प्रोसेसर कसा निवडावा?

विहिरीवर मोटर बसवायची असली की आपला शेतकरी दुकानदाराला आधी दोन गोष्टी सांगतो : पाणी किती खोल आहे आणि पाइपलाइन किती लांब आहे. तीनची मोटर घ्यायची की पाचची, हा प्रश्न त्यानंतर येतो. संगणक घेताना मात्र हाच शहाणा माणूस उलट वागतो. काम काय आहे हे न सांगता तो विचारतो, ‘सर्वांत भारी प्रोसेसर कोणता?’ मग दुकानदारही भारीच दाखवतो. या उलट्या हिशेबात भांडवल कसे अडकते, ते आज पाहू.

शिरूर आणि दौंड या दोन्ही गावांत लग्नसराईत शूटिंग करणारे, छोटा फोटो स्टुडिओ चालवणारे बरेच तरुण आहेत. घरी कपाटात हार्ड डिस्कचा ढीग, प्रत्येकीवर चिकटवलेली चिठ्ठी, आणि काही चिठ्ठ्या गळून पडलेल्या, हे चित्र त्यांच्या ओळखीचे आहे. अशांसाठी घरातच साठवणीचा छोटा सर्व्हर करणे हा चांगला मार्ग आहे. सर्व्हर म्हणजे चोवीस तास चालू राहणारा एक साधा संगणक. त्यात सर्व डिस्क एकत्र राहतात आणि घरातील फोन, टीव्ही, एडिटिंगचा संगणक त्याच्याकडून हवी ती फाइल मागून घेतात. ज्यांचा धंदा नाही, पण मुलांचे फोटो आणि वडीलधाऱ्यांचे आवाज जपायचे आहेत, त्यांनाही तो उपयोगी पडतो.

काम आधी मोजा

समजा, आपला कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने फोर-के चित्रीकरण करतो. म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, तासाला ४५ गिगाबाइट. दोन कॅमेरे तीन तास चालले तर एका लग्नाचे २७० गिगाबाइट झाले. चार टेराबाइटच्या डिस्कवर अशी चौदा लग्ने मावतील. हा झाला साठवणीचा हिशेब. त्यात प्रोसेसर कुठेच आला नाही.

आता फाइल देण्या-घेण्याचे काम पाहा. घरातील साध्या गिगाबिट वायरने सेकंदाला फार तर ११० मेगाबाइटच्या आसपास मजकूर जातो. एवढे काम आजचा लहानात लहान प्रोसेसरही सहज करतो. अडसर वायरचा असतो, प्रोसेसरचा नव्हे. एडिटिंग आपण वेगळ्या संगणकावर करणार असाल, तर सर्व्हरमध्ये महागडा प्रोसेसर म्हणजे हातगाडी ओढायला ट्रॅक्टर जोडण्यासारखे आहे.

मग प्रोसेसरला दम कधी लागतो?

एकाच कामात : रूपांतरात. जाणकार त्याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. आयफोन २०१७ पासून, आणि आता बहुतेक नवे फोन व कॅमेरे, एच-२६५ या दाट पद्धतीने चित्रीकरण करू शकतात. त्यामुळे जागा कमी लागते. पण घरातील जुन्या टीव्हीला ती पद्धत कळत नाही. अशा वेळी सर्व्हर चालू चित्रपटाचे तिथल्या तिथे टीव्हीला समजेल अशा पद्धतीत रूपांतर करून पाठवतो. हे काम प्रोसेसरच्या निव्वळ बळावर केले तर चांगला प्रोसेसरही धापा टाकतो, तापतो आणि पंखा ओरडू लागतो.

यावर उपाय म्हणजे प्रोसेसरमध्येच या कामासाठी बसवलेला खास भाग. इंटेलमध्ये त्याला क्विक सिंक म्हणतात आणि तो अंगभूत ग्राफिक्सबरोबर येतो. म्हणूनच खरेदीतील एक सापळा लक्षात ठेवा. इंटेलच्या ज्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असते, उदाहरणार्थ आय३-१२१००एफ, त्यात ग्राफिक्स नसते. तो थोडा स्वस्त मिळतो, पण आपल्या कामाचा नाही. तसेच एएमडीच्या रायझेन ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही; ५६००जी मध्ये आहे. एका अक्षराने खरेदी फुकट जाऊ शकते. बिलावर पूर्ण नाव लिहून घ्या.

आपला टीव्ही सर्व फाइली थेट चालवत असेल, तर रूपांतराची गरजच नाही. म्हणून आधी पेनड्राइव्हवर चार-पाच प्रकारच्या फाइली घेऊन टीव्हीवर लावून पाहा. ही परीक्षा फुकट आहे.

वॅटचा अर्थ

सर्व्हर वर्षाचे ८७६० तास चालतो आणि त्यातील बहुतेक वेळ रिकामा बसलेला असतो. त्यामुळे रिकाम्या वेळी तो किती वीज खातो, हाच आकडा महत्त्वाचा. सतत जळणारे १० वॅट म्हणजे वर्षाला सुमारे ८८ युनिट.

जुना गेमिंग संगणक, वेगळे ग्राफिक्स कार्ड आणि दोन डिस्क मिळून समजा ७० वॅट खातात, तर वर्षाला ६१३ युनिट झाले. छोट्या प्रोसेसरचे यंत्र दोन डिस्कसह २० वॅटवर चालले, तर १७५ युनिट. फरक ४३८ युनिटांचा. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला ४३८० रुपये, आणि तीन वर्षांत १३ हजारांवर. घरी पडून असलेला ‘फुकट’ संगणक असा महाग पडतो.

खोक्यावर लिहिलेला वॅटचा आकडा मात्र रिकाम्या वेळचा नसतो. आय३-१२१०० वर ६० वॅट लिहिलेले असते, तरी काम नसताना तो अगदी थोड्या विजेवर बसतो. नावाशेवटी ‘टी’ असलेले ३५ वॅटचे प्रोसेसर रिकाम्या वेळी फारशी बचत करत नाहीत. ते फक्त भराच्या वेळची मर्यादा कमी ठेवतात. अरुंद, बंद खोक्यात बसवायचे असेल तरच त्यांचा फायदा.

आवाज आणि उष्णता

आवाज उष्णतेतून येतो. कमी वॅट, कमी उष्णता, हळू पंखा. लहान पंखा जोरात फिरवण्यापेक्षा १२० मिलिमीटरचा मोठा पंखा हळू फिरवावा. डिस्कची घरघर कमी करण्यासाठी तिच्याखाली रबराचे वॉशर घालावेत. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीच भट्टी होते आणि धूळही भरपूर. त्यामुळे बिनपंख्याचे यंत्र घेतले तरी ते बंद कपाटात कोंडू नये, आणि पंख्याचे असेल तर जाळी महिन्याला पुसावी.

तीन पर्याय

पहिला : एक-दोन टीव्ही आणि दोन डिस्क एवढीच गरज असेल, तर २०२३ मध्ये आलेला इंटेल एन१००. चार कोअर, सहा वॅटचा, रूपांतराचा खास भाग असलेला. तो बोर्डावरच जोडलेला येतो. काही बोर्डांवर पंखाही नसतो. मात्र अनेक बोर्डांवर डिस्कसाठी दोनच जागा असतात, त्या आधी मोजा.

दुसरा : चार किंवा अधिक डिस्क हव्या असतील, किंवा पुढे काम वाढणार असेल, तर २०२२ चा आय३-१२१००.

तिसरा : भांडवल अगदी थोडे असेल, तर कंपनीच्या कार्यालयातून निघालेला जुना संगणक. पण इंटेलची सातवी पिढी (२०१७) किंवा त्यानंतरचाच घ्यावा. एच-२६५ चे १०-बिट रूपांतर त्याआधीच्या पिढ्यांच्या खास भागाला जमत नाही.

वाचलेला पैसा कुठे लावावा?

पहिल्यांदा यूपीएसमध्ये. लिहिणे चालू असताना वीज गेली तर फाइली बिघडतात. यंत्र कमी वॅटचे असेल तर त्याच यूपीएसवर ते जास्त वेळ टिकते. वीज परतल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावे, अशी सोय बोर्डाच्या सेटिंगमध्ये करून ठेवावी.

त्यानंतर दुसऱ्या प्रतीत. एकाच यंत्रात दोन डिस्क जोडीने ठेवल्या तर एक बिघडल्यावर दुसरी वाचवते. पण चोरी, आग किंवा पूर आला तर दोन्ही जातात. शिरूर घोडच्या काठी आहे, दौंड भीमेच्या. म्हणून शिरूरच्या माणसाने एक प्रत दौंडच्या पाहुण्याकडे ठेवावी आणि दौंडच्याने शिरूरकडे. महिन्यातून एकदा डिस्क बदलून आणली, तरी पुरे.

संगणक दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या तरुणांनीही याकडे धंदा म्हणून पाहावे. ग्राहकाला आधी टीव्ही कोणता, डिस्क किती, हे विचारा. यंत्र जोडल्यावर वॅटमीटर लावून रिकाम्या वेळचा आकडा बिलावर लिहून द्या. असा दुकानदार ग्राहक विसरत नाही.

ग्राहकाने आपल्या हाती दिलेले चित्रीकरण ही त्याची ठेव आहे. लग्न पुन्हा लागत नाही आणि गेलेल्या आजोबांचा आवाज पुन्हा घेता येत नाही. ती ठेव भारी प्रोसेसर सांभाळत नाही, दुसरी प्रत सांभाळते. म्हणून प्रोसेसर कामापुरता घ्यावा आणि उरलेल्या पैशांची आधी डिस्क घ्यावी.