वाचकांचे प्रश्न : शेजाऱ्याला गाडीची किल्ली देण्याआधी

प्रश्न : आम्ही स्टुटगार्टजवळ राहतो. शेजारी एक सीरियन निर्वासित कुटुंब आहे. त्यांना इथे येऊन नऊ महिने झाले. त्यांच्यातल्या गृहस्थांना गोदामात पहाटेची पाळी मिळाली आहे. दमास्कसचा परवाना आहे, हातही सफाईदार आहे. आमची गाडी आठवडाभर उभीच असते. ती त्यांना दिली, तर विम्यात त्यांचे नाव घालावे लागेल का?

उत्तर : पत्रात चौकशी विम्याची आहे, काळजी मात्र हाती आलेली नोकरी जाऊ नये, ही आहे. ती रास्तच आहे. पण आधी विचारायला हवे होते ते वेगळेच: या गृहस्थांना आज जर्मनीत गाडी चालवण्याची मुभा आहे का? नऊ महिने झाले असतील, तर बहुधा नाही.

परदेशी परवाना इथे राहायला लागल्यापासून साधारणतः सहा महिनेच चालतो. परीक्षेविना परवाना बदलून मिळणाऱ्या देशांच्या यादीत सीरिया नाही, भारतही नाही. युक्रेनमधून आलेला शेजारी जुन्याच परवान्यावर बिनधास्त फिरतो, कारण युक्रेनच्या निर्वासितांसाठी युरोपीय संघाने 2022 मध्ये वेगळा नियम केला. त्याच्याकडे पाहून बाकीचे फसतात.

आणि फसतो तो एकटा चालकच नाही. मुदत उलटल्यावर गाडी चालवणे हा फौजदारी गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. जाणूनबुजून गाडी चालवू देणाऱ्या मालकालाही तीच शिक्षा आहे. परवाना पाहिला, मुदत पाहिली नाही, हा निष्काळजीपणाही शिक्षेला पात्र ठरतो. अपघात झाला तर विमा कंपनी समोरच्याला भरपाई देते आणि नंतर चालकाकडून वा मालकाकडून 5,000 युरोपर्यंत रक्कम वसूल करू शकते. शिवाय या गुन्ह्याचा दंड दिवसाच्या उत्पन्नावर मोजला जातो; तो 90 दिवसांपुढे गेला, की पुढे नागरिकत्वाचा अर्ज अडू शकतो. शेजारधर्मापोटी दिलेली किल्ली दोन्ही घरांना अशी भोवते.

ऑनलाइन विकत मिळणारा ‘आंतरराष्ट्रीय परवाना’? पैसे पाण्यात. ‘फक्त महिनाभर’? एक दिवसही नको.

गृहस्थांनी याच आठवड्यात परवाना कार्यालयात अर्ज करावा. डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा वर्ग करावा लागतो, मग लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा. लेखी परीक्षा अरबीतही देता येते. शिकवणीचे ठरावीक तास सक्तीचे नाहीत, त्यामुळे खर्च बराच वाचतो.

तोवर सार्वजनिक वाहतुकीचे मासिक ‘डॉइचलांड-तिकीट’ घ्यावे. 2026 पासून ते महिना 63 युरोंना आहे. लोकल, ट्राम, बस सगळ्यांत चालते, आयसीई या वेगवान रेल्वेत नाही. ते आपोआप पुढे चालू राहते. थांबवायचे तर महिन्याच्या 10 तारखेपर्यंत कळवावे लागते. पहाटे बसच नसेल, तर पत्रलेखकांनी स्वतः गाडी चालवत त्यांना सोडावे, आणि पाळी तासभर पुढे सरकवण्यासाठी गोदामाला जर्मनमध्ये पत्र लिहून द्यावे.