बुजलेली जाळी

वोज कारागिरांच्या पितळी मूर्तीचं थ्रीडी मॉडेल कुणी दाखवलं की मी आधी छिद्रं शोधतो. उशेगावसारखी त्यांची गावं तेलंगणातल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातली. २०१६ च्या जिल्हा विभाजनानंतर उशेगाव कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेलं. 'आदिलाबाद डोकरा' या त्यांच्या पितळी ओतकामाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि या वस्तूंची डिजिटल नोंद ठेवायची ओढ वाढली. अशीच एक नोंद तपासायला माझ्याकडे आली. घोडेस्वार पडद्यावर देखणा दिसत होता, पण झुलीवरची आरपार जाळी पत्र्यासारखी सपाट झाली होती.

दोष स्कॅनरचा नव्हता. डोकऱ्यात मातीच्या गाभ्यावर मेणाच्या बारीक तारा गुंडाळतात, वर पुन्हा माती लिंपतात; भट्टीत मेण वितळून जातं आणि त्या जागी पितळ उतरतं. स्कॅनर देतो ते नुसते सुटे बिंदू. त्यांच्यावर पृष्ठभाग चढवायला बरेच जण पॉइसन पद्धत वापरतात. काझदान, बोलिथो आणि होप यांनी २००६ मध्ये मांडलेली ही पद्धत चांगलीच आहे, पण तिला बंद आकार आवडतात. जिथं बिंदू नाहीत तिथंही ती पडदा ताणते, आणि तो पडदा खऱ्या पितळाइतकाच खरा दिसतो.

मेशलॅब या सॉफ्टवेअरमध्ये या पद्धतीची खोली (डेप्थ) मुळात ८ असते. म्हणजे प्रत्येक बाजूला जास्तीत जास्त २५६ घरं. वीस सेंटिमीटरच्या मूर्तीभोवती थोडी मोकळी जागा धरली, तर एक घर साधारण ०.८६ मिलिमीटरचं पडतं. तार मिलिमीटरभर जाड असेल, तर ती शेजारणीत मिसळणारच! खोली १० केली की घर ०.२१ मिलिमीटरवर येतं. संगणक कण्हतो, कण्हू द्या. मात्र स्कॅनच ढोबळ असेल तर खोली वाढवून काही हाती लागत नाही, खरखर तेवढी वाढते.

क्लाउडकम्पेअर या सॉफ्टवेअरमध्ये पॉइसन चालवताना घनता साठवायचा पर्याय चालू ठेवा. बिंदू विरळ असलेले भाग त्यात वेगळ्या रंगात दिसतात. ते कापून टाका. भोक उरलं तर उरू द्या. प्रदर्शनासाठी बुजवायचंच असेल, तर वेगळी प्रत करा आणि बुजवलेला भाग रंगवून ठेवा. बिंदूंची मूळ फाइल कधीच पुसू नका. मॉडेलच्या एसटीएल फाइलमध्ये मापाचं एकक साठवलं जात नाही, तेव्हा मूर्तीची उंची पट्टीनं मोजून कागदावर लिहा.

राहिली चकाकी. घासलेलं पितळ प्रकाश भलतीकडे फेकतं, म्हणून स्कॅनवाले पांढरा फवारा मारतात. पण वोजांच्या मूर्ती गोंड घरांत पूजल्याही जातात; मूर्ती अशा घरातल्या देवाची असेल, तर आधी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा. ते नको म्हणाले तर फवारा पिशवीतच ठेवायचा. उजेड कमी-जास्त करून, जास्त कोनांतून स्कॅन घ्यायचे. दुपार जाते, पण बरंचसं मिळतं.