आधी निदान, मग खर्च

(घरातला जुना संगणक संथ झाला, की तो बदलण्याचा विचार मनात येतो. परंतु थोडी माहिती आणि थोडी शिस्त असेल, तर तोच संगणक आणखी काही वर्षे उपयोगी पडू शकतो. कमी खर्चात हे कसे साधते, ते या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, समजा, तुमच्या घरी दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला संगणक आहे. बटण दाबल्यावर तो सुरू व्हायलाच पाच मिनिटे लागतात. कॉलेजच्या प्रवेश-अर्जाचा आज शेवटचा दिवस आहे. आपा अर्ज भरायला बसली आहे. पण पडद्यावरचे चक्र नुसते गरगर फिरत आहे. अब्बा वैतागून म्हणतात, ‘‘हा डबा आता भंगारवाल्याला देऊन टाकू.’’ नवा संगणक घ्यायचा, तर घरखर्चाची ओढाताण होणार. अशा वेळी तुम्ही काय कराल?

लक्षात ठेवा, संथपणा हा आजार नव्हे. ते आजाराचे लक्षण आहे. ताप अनेक कारणांनी येतो. म्हणून हकीम आधी नाडी पाहतात आणि मगच औषध देतात. संगणकाच्या बाबतीतही हाच नियम पाळावा. कारण शोधल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये.

कारण शोधायचे, तर संगणकाचे काम कसे चालते हे ठाऊक हवे. रमजानमधील आपले स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. इफ्तारची वेळ जवळ आली आहे. अम्मी ओट्यापाशी उभी आहे. लागणारे सामान कोठीच्या खोलीत आहे. संगणकात अम्मीचे काम प्रोसेसर करतो. ओटा म्हणजे रॅम आणि कोठी म्हणजे हार्ड डिस्क. चालू कामाच्या वस्तू रॅममध्ये असतात. बाकी सारा साठा हार्ड डिस्कवर असतो.

आता ओटा लहान आहे आणि भजी, फळे, शरबत अशी सारी तयारी एकदम करायची आहे. मग एक भांडे कोठीत ठेवायचे आणि दुसरे आणायचे, अशा येरझारा सुरू होतात. अम्मीचे हात चपळच आहेत. वेळ जातो तो येरझारांत. रॅम अपुरी पडली, की संगणकही असाच हार्ड डिस्ककडे येरझारा घालतो.

या येरझारा इतक्या महाग का पडतात? हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी फिरत असते. अनेक घरगुती संगणकांत ती मिनिटाला ७२०० फेरे घेते. हवी असलेली माहिती जिथे असेल, तिथे एक बारीक दांडी सरकते आणि ती जागा फिरून खाली येईपर्यंत थांबते. यात सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग जातो. हा वेळ क्षुल्लक वाटतो. पण संगणक सुरू होताना असे हजारो तुकडे वाचावे लागतात. हजार तुकड्यांना सुमारे दहा सेकंद, हा हिशेब तुम्हीच करून पाहा. एसएसडी नावाच्या नव्या साठवण-साधनात फिरणारा भागच नसतो. त्यामुळे तेच हजार तुकडे ती सेकंदाच्या छोट्याशा भागात वाचते.

आता निदानाकडे वळू. एक वही घ्या. बटण दाबल्यापासून काम सुरू करता येईपर्यंत किती वेळ लागतो, तो घड्याळ लावून लिहा. संगणकावर विंडोज असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचा वापर टक्क्यांत दिसतो. येथे मेमरी म्हणजे रॅम. नेहमीची कामे चालू ठेवून हे आकडे पाहा.

मेमरीचा आकडा आधी पाहावा. तो सतत नव्वदच्या वर असेल, तर रॅम अपुरी आहे. रॅम भरली, की डिस्कचा आकडाही शंभरपर्यंत चढतो. म्हणून केवळ डिस्कला दोष देऊ नका. रॅममध्ये जागा शिल्लक असूनही डिस्क वारंवार शंभरवर राहत असेल, तर अडचण बहुधा डिस्कची आहे. प्रोसेसरच शंभरवर असेल, तर कोणता प्रोग्रॅम तो वापरत आहे, हे त्याच यादीत दिसते.

निदान झाले, की आधी बिनखर्चाचे उपाय करावेत. एका वेळी एकच उपाय करावा आणि पुन्हा वेळ मोजून वहीत लिहावा. नाहीतर गुण कशाने आला, हे कळणार नाही.

पहिला उपाय. संगणक सुरू होताच अनेक प्रोग्रॅम न बोलावता सुरू होतात. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ या भागात त्यांची यादी असते. नको असलेले तेथे बंद करा. मात्र व्हायरसपासून रक्षण करणारा प्रोग्रॅम बंद करू नका. दुसरा उपाय. न वापरलेले प्रोग्रॅम आणि निरुपयोगी फायली काढून टाका. डिस्क काठोकाठ भरली, तर संगणकाला वावरायला जागा उरत नाही. परंतु ‘विंडोज’ नावाच्या फोल्डरमधील काहीही पुसू नका. तिसरा उपाय. पंख्यावरची धूळ साफ करा. प्रोसेसर फार तापला, की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. साफसफाईपूर्वी संगणक बंद करून वायर भिंतीतून काढा आणि मोठ्या माणसांना जवळ बोलवा. मऊ कुंचला वापरा. ओले फडके नको. वीजपुरवठ्याची पेटी तर कधीही उघडू नका.

एवढे करूनही काम भागले नाही, तर खर्चाचा विचार करा. रॅम कमी असेल, तर रॅम वाढवा. रॅमचे प्रकार वेगवेगळे असतात. डीडीआर-३ च्या जागी डीडीआर-४ बसत नाही. विंडोज ३२ बिटची असेल, तर घरगुती आवृत्तीत ४ जीबीपेक्षा जास्त रॅमचा उपयोगच होत नाही. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी या गोष्टी कागदावर लिहून घ्या. दोष डिस्कचा असेल, तर हार्ड डिस्कच्या जागी लहान एसएसडी बसवा. संगणक सुरू होण्याच्या वेळेत याने मोठा फरक पडतो. दोन-तीन दुकानांत किंमत विचारा. जुनी हार्ड डिस्क चांगली असेल, तर ती साठ्यासाठी ठेवता येते.

आणखी एक गोष्ट. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. अनेक जुन्या संगणकांवर विंडोज ११ नियमाप्रमाणे बसत नाही. अशांसाठी लिनक्स ही मोफत प्रणाली आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तिचा पाया घातला. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने लिनक्सवर आधारित ‘बॉस’ ही प्रणाली तयार केली आहे. लिनक्सचे काही हलके प्रकार जुन्या संगणकांवर चांगले चालतात. मात्र विंडोजसाठी बनवलेले सर्वच प्रोग्रॅम त्यावर चालत नाहीत. म्हणून आधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावे आणि मगच ठरवावे.

कोणताही मोठा बदल करण्यापूर्वी घरातले फोटो, कागदपत्रे आणि हिशेब यांची दुसरी प्रत काढून ठेवा. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर हे काम त्याच दिवशी करा. संगणक पुन्हा विकत मिळेल. नानीजानचा जुना फोटो पुन्हा मिळणार नाही. तसेच ‘एका क्षणात वेग वाढवा’ असे सांगणाऱ्या अनोळखी प्रोग्रॅमच्या नादी लागू नका. त्याने नुकसानच होण्याचा संभव अधिक.

२०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला. आपण एक संगणक दुरुस्त करून वापरला, तर त्या ढिगात तेवढी भर कमी पडते आणि घरचा पैसाही वाचतो. काही वेळा तपासाअंती संगणक खरोखर निकामी ठरतो. तसे झाले, तरी त्याला भंगारात न देता ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावे. कारण समजल्यावर घेतलेला निर्णय पस्तावायला लावत नाही.

शब्दार्थ
निदान – आजाराचे कारण ओळखणे
लक्षण – खूण
कोठी – धान्य व सामान साठवण्याची खोली
येरझारा – पुन्हा पुन्हा जाणे-येणे
क्षुल्लक – अगदी लहान
निकामी – उपयोगात न येणारा
नादी लागणे – मोहात पडणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पाठात रॅमला कशाची उपमा दिली आहे?
(आ) लिनक्सचा पाया कोणी व केव्हा घातला?
२. कारणे लिहा.
(अ) एका वेळी एकच उपाय करावा.
(आ) केवळ डिस्कला दोष देऊ नये.
(इ) मोठ्या बदलापूर्वी दुसरी प्रत काढावी.
३. इलाज, हिशेब, किंमत, दुकान, नुकसान यांसारखे शब्द उर्दूतही आहेत. यांपैकी कोणते शब्द पाठात आले आहेत? त्यांचे मराठीतील व उर्दूतील उच्चार ताडून पाहा. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा.
४. उपक्रम : शाळेतील एक संगणक सुरू व्हायला किती वेळ लागतो, ते तीन दिवस मोजा आणि वहीत तक्ता तयार करा.