नव्या धाटणीच्या सुया

सुई ही इतकी क्षुद्र आणि इतकी स्वस्त वस्तू मानली गेली आहे की तिच्या निवडीविषयी गंभीरपणे विचार करणे कोणास आवश्यक वाटत नाही. परंतु १९९३ च्या भूकंपानंतर नव्याने वसलेल्या आमच्या सास्तूर गावात ज्या मुलींना आणि प्रौढ स्त्रियांना मी भरतकाम शिकविते, त्यांच्या हाती अलीकडे ज्या विलक्षण सुया येऊ लागल्या आहेत, त्यांचे गुणदोष प्रत्यक्ष पाहिल्यावर इतर भगिनींना वेळीच सावध करणे मला अगत्याचे वाटते.

यांत सर्वांत मोहक दिसते ती दुतोंडी सुई. तिची दोन्ही टोके अणकुचीदार असून नेढे मध्यभागी असते. उभ्या आधारावर बसविलेल्या चौकटीत कापड ताणून, एक हात त्याच्या वर व दुसरा खाली ठेवून काम करणाऱ्या कारागिरास प्रत्येक टाक्याला सुई उलटवावी लागत नाही, ही तिची उपयुक्तता खरी आहे. परंतु आमच्याकडील बायका कापड मांडीवर घेऊन भरतात. आणि वाकळ शिवताना तर धावदोऱ्याचे चारपाच टाके एकदम सुईवर घेऊन मग तिला मागून बोटाने रेटण्याचा प्रघात आहे. जिच्या माथ्यालाही अणी आहे तिला रेटावयाचे कसे? आमच्यातील एका वयस्क बाईंच्या बोटात ते मागचे टोक इतके खोल रुतले की पुढे कित्येक दिवस त्यांना सुई धरता आली नाही. घरात रांगते मूल असेल तर ही जोखीम मुळीच पत्करू नये.

तिचा दुसरा दोष सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. आमच्या भागातील तांड्यांवरच्या बंजारा स्त्रिया फेटिया (घागरा) आणि कांचळी (चोळी) यांवर आरसे बसवितात, तेव्हा प्रथम आरशावर आडवेउभे धागे ताणून त्या धाग्यांखालून पुन:पुन्हा दोरा न्यावा लागतो. येथे वाकबगार हात सुई नेढ्याच्या बाजूने आत घालतो, कारण बोथट माथा धागा न फाडता त्याच्याखालून सरकतो. दुतोंडी सुईला असा माथाच नाही. ती ताणलेला धागा मधोमध चिरते आणि आरसा सैल पडतो.

नेढ्याच्या माथ्याला खाच असलेली, दोरा वरून दाबताच आत बसणारी सुई हा निराळा जिन्नस. ज्यांची दृष्टी मंदावली आहे त्यांच्यासाठी ती खरोखर दिलासा आहे, आणि बटण लावणे, उसवलेली शिवण सांधणे अशा कामांसाठी तिची शिफारस मी नि:संकोच करते. भरतकामात मात्र तिच्यावर विसंबू नये. लडीतील रेशमासारख्या मऊ, सहा पदरी सुती दोऱ्याचे पदर त्या खाचेच्या कडेवर प्रत्येक टाक्यास घासले जातात. थोड्याच अवधीत दोरा पिंजतो, किंवा नेमका फुलाच्या पाकळीवर खाचेतून निसटतो. दृष्टी मंद असलेल्यांनी त्यापेक्षा ओवणीची बारीक तार जवळ बाळगावी, दोरा तिरपा कापावा, हातभरापेक्षा लांब घेऊ नये, नेढ्यामागे पांढरा कागद धरावा, आणि तरीही दोरा जात नसेल तर सुई अर्धी फिरवून पाहावी. नेढ्याची एक बाजू पुष्कळदा दुसरीहून अधिक गुळगुळीत असते.

सोनेरी मुलाम्याच्या नेढ्याविषयी माझे मत बरेच अनुकूल आहे. वैशाखात हाताला सुटणाऱ्या घामाने साध्या सुईचा निकेलचा मुलामा उडून ती काळवंडते, अडखळते आणि पांढऱ्या कापडावर डाग पाडते. सोने गंजत नाही. परंतु तोही मुलामाच, त्यामुळे वापराने झिजतो, आणि सुई कोरड्या फडक्यात ठेवण्याची सवय त्याहून स्वस्त पडते. सुई केसांतून फिरवून तेलकट करण्याची जुनी रीत गोधडीला चालते, रेशमाला नव्हे. वाकड्या सुया पेटीच्या झाकणावर किंवा गादीच्या काठावर, जेथे हात आत जात नाही तेथे, कामाच्या आहेत. सपाट कापडावर त्यांचे काही प्रयोजन नाही.

टाका सोपा होण्याचे खरे कारण सुईच्या नवलाईत नसून तिच्या जाडीत आहे. सुईने पाडलेले छिद्र दोऱ्याच्या दुहेरी जाडीला जेमतेम पुरावे: फार लहान असेल तर दोरा ओढावा लागतो व झिजतो, फार मोठे असेल तर टाक्याच्या कडेला भोक दिसत राहते. भरतकामाच्या सुयांचे क्रमांक १ पासून १२ पर्यंत असतात, आणि क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक. लडीतील दोन पदरांना ८ किंवा ९, तीन पदरांना ७, आणि सहाही पदरांना ३ ते ५ क्रमांक बहुधा योग्य ठरतो. मॅटीवर किंवा धागे मोजून काढावयाच्या कसुतीवर बोथट टोकाची सुई घ्यावी, म्हणजे ती कापडाचा धागा न फोडता दोन धाग्यांमधल्या जागेतूनच जाते; कसुतीच्या काही टाक्यांत दोन्ही बाजूंनी आकृती सारखी यावयाची असल्याने तेथे फुटलेला एक धागाही लपत नाही. दोरा सुईभोवती अनेक वेढे देऊन गाठ काढावयाची असेल, तर माथा आणि अंग सारख्याच जाडीचे असलेली लांब सुई मागावी. फुगीर माथ्यावर वेढे अडकतात.

लातूर किंवा सोलापूरच्या बाजारात गेल्यावर आपल्याच कापडाचा तुकडा आणि आपलाच दोरा बरोबर असू द्यावा. दुकानदाराची हरकत नसेल तर एक सुई तेथेच ओवून पाचदहा टाके घालून पाहावेत, नेढ्यातून मऊ दोरा मागेपुढे ओढून तो कोठे अडतो का हे तपासावे, आणि मगच पाकीट घ्यावे.