सेवाभाव आणि सेवकाचे वेतन

धर्मादाय संस्थेतील सेवकास वेतन किती द्यावे, आणि त्याला हुरूप यावा म्हणून वेतनावर आणखी काही द्यावे की नाही, हा प्रश्न महोत्सवाच्या आनंदात थोडा रूक्ष वाटेल. परंतु मागील हिशेब मांडून पुढील वाट आखण्याचा प्रसंग हाच असतो. म्हणून आम्ही तो येथे घेतला आहे.

आमच्या पाहण्यातील एका शाळेत गणिताचे उत्तम शिक्षक होते. वेतन तीन-तीन महिने थके. मागावयास गेले की, "ही सेवा आहे, नोकरी नव्हे," असे उत्तर मिळे. अखेर ते एका दुकानात हिशेबनीस झाले आणि वर्ग दोन वर्षे गणितशिक्षकावाचून राहिला. सेवेच्या नावाने वाचविलेल्या पैशांची भरपाई मुलांनी केली.

आपल्या बसवकल्याणास हा विचार नवा नाही. बाराव्या शतकात शरणांनी येथे कायक आणि दासोह यांची शिकवण दिली. सांडलेले तांदूळ वेचून आणणाऱ्या आयदक्की मारय्याने एके दिवशी गरजेहून अधिक तांदूळ आणले, तेव्हा पत्नी लक्कम्माने ते परत टाकावयास लावले, ही कथा आपण लोभाविरुद्धचा धडा म्हणून सांगतो. पण तिची दुसरी बाजूही पाहावी. रोजचा शिधा घरी येत होता, म्हणून अधिकाचा त्याग शोभला. इस्लामनेही जकातीच्या आठ वाट्यांत ती गोळा करणाऱ्या सेवकांचा वाटा मानला आहे. धर्मकार्य करणाऱ्यासही पोट असते, हे दोन्हीकडे ओळखले होते.

महाराष्ट्रातील मोठे उदाहरण पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे. १८८४ साली ती स्थापन झाली. आजीव सभासदांनी अल्प, सारख्या वेतनावर वीस वर्षे सेवा करावी, असा संकल्प होता. पुढे संसाराच्या अडचणींमुळे वेतनवाढीचा व बाहेरच्या कामाचा प्रश्न निघाला. आगरकर प्रभृतींस थोडी सवलत योग्य वाटे. टिळकांस त्यात मूळ तत्त्वाचा भंग दिसे. इतर मतभेदही होतेच; १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. दोन्ही पक्ष निःस्वार्थी होते, तरी संस्था दुभंगली. यावरून आम्ही एवढेच शिकतो की, वेतनाचा नियम अडचण येण्यापूर्वी ठरवावा.

आता प्रोत्साहनाकडे वळू. उदयपूर भागात सेवा मंदिर ही संस्था खेड्यांतून एकशिक्षकी वर्ग चालवी. २००३ मध्ये तेथे काही वर्गांत शिक्षकांस छायाचित्रयंत्र देण्यात आले. दिवसाच्या आरंभी व शेवटी मुलांसह छायाचित्र काढावयाचे. ठरलेल्या दिवसांस हजार रुपये; त्यावरील प्रत्येक दिवसास पन्नास रुपये अधिक, गैरहजेरीच्या दिवसास पन्नास कमी; मात्र पाचशेखाली वेतन जावयाचे नाही. एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांस असे आढळले की, इतर वर्गांत शिक्षकांची गैरहजेरी ४२ टक्के होती, येथे ती २१ टक्के झाली. मुलांचे शिक्षणही सुधारले. त्याच जिल्ह्यात सरकारी परिचारिकांच्या हजेरीचा तसा प्रयोग मात्र आरंभी साधून पुढे फसला, कारण सवलतीचे दिवस सढळपणे मंजूर होऊ लागले. नियम चांगला असून भागत नाही. तो पाळण्याची वरिष्ठांची इच्छा लागते.

निकालावर बक्षीस देणे अधिक नाजूक. इंग्लंडात १८६२ पासून शाळांचे अनुदान मुलांच्या परीक्षेवर बांधले गेले. तेव्हा शिक्षण घोकंपट्टीकडे झुकले आणि शतक संपण्यापूर्वी ती पद्धत सोडावी लागली. उलट आंध्र प्रदेशातील खेड्यांत सरासरी तीन टक्के वेतनाइतक्या बक्षिसाने मुलांची प्रगती वाढलेली दिसली. पण तेथे परीक्षा बाहेरच्या माणसांनी घेतली होती.

यावरून काही गोष्टी विश्वस्त मंडळाने ध्यानी घ्याव्यात, असे आम्हांस वाटते:

१. मूळ वेतन संसारास पुरेसे व ठरल्या तारखेस मिळावे. थकलेल्या वेतनावर बक्षीस हा विनोद होय.

२. बक्षीस सेवकाच्या हातातील गोष्टीस असावे. हजेरी त्याच्या हातात आहे. दुष्काळात मुले शाळा सोडतात, ते नाही.

३. देणगी गोळा करणाऱ्यास टक्केवारी देऊ नये. दात्यास आपल्या रुपयातील वाटा कोठे जातो असा संशय आला की, सर्व संस्थेचा विश्वास जातो.

४. अनेकांनी मिळून केलेल्या कामाचे श्रेय एकट्यास देऊ नये.

५. नियम आधी लिहावा, सर्वांस वाचून दाखवावा आणि शिपायापासून मुख्याध्यापकापर्यंत सारखा लावावा.

पैशाने सेवाभाव विकत मिळत नाही, हे खरे. पण पैशाच्या हेळसांडीने तो नासतो, हेही तितकेच खरे. पुढील महोत्सवात नव्या इमारतीची छायाचित्रे छापताना, तिच्यात शिकविणाऱ्यांचे वेतन त्या महिन्यात वेळेवर झाले का, हे आधी विचारले जावे, एवढीच आमची विनंती आहे.