मांजराचा मधुमेह : घरची शुश्रूषा आणि पशुवैद्याचे साहाय्य

मांजर आपले दुखणे सहसा बोलून दाखवीत नाही. ते कपाटामागे किंवा पलंगाखाली जाऊन बसते आणि घरातल्या माणसांना वाटते, वयोमानाने ते शांत झाले आहे. म्हणून त्याच्या मधुमेहाची पहिली वार्ता बहुधा पाण्याचे वाडगेच देते. सकाळी भरलेले वाडगे दुपारी कोरडे पडते, मातीच्या तबकात लघवीचे मोठाले गोळे दिसू लागतात, भूक वाढते, आणि इतके खाऊनही पाठीचा कणा हाताला लागू लागतो. काही मांजरे मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालतात; तो रोगाचा मज्जातंतूंवर झालेला परिणाम होय. कधी कधी तबकाभोवती मुंग्यांची रांग लागते. प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत मुंग्या लघवीकडे ओढल्या जाण्याचा उल्लेख चरकसंहितेतही आहे, आणि तो माणसाइतकाच मांजरालाही लागू पडतो.

हा रोग मांजराला होतो तरी कसा? स्वादुपिंडातून स्रवणारे इन्शुलिन रक्तातील साखर पेशींपर्यंत पोचवण्यास मदत करते. मांजराच्या शरीरात बहुधा प्रथम या इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावतो आणि पुढे ते निर्माण करणाऱ्या पेशीही थकतात. प्रौढ माणसांत आढळणाऱ्या मधुमेहाशी त्याचे हे साम्य लक्षणीय आहे. लठ्ठपणा, उतारवय, खच्चीकरण झालेला बोका असणे, दीर्घकाळ दिलेली स्टिरॉइड औषधे ही त्याची ठळक कारणे होत. बंगळूरसारख्या शहरात पुष्कळ मांजरे आता सदनिकेच्या चार भिंतींतच आयुष्य काढतात. शिकार नाही, धावपळ नाही, आणि भांडे मात्र सदैव भरलेले.

येथे आहाराचा प्रश्न उपस्थित होतो. मांजर हा पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे. त्याच्या जिभेला गोड चवच कळत नाही आणि पिष्टमय पदार्थ एकाच वेळी भरपूर आले तर त्याचे यकृत त्यांचा निचरा सावकाश करते. आपल्याकडे मात्र मांजराला दूधपोळी आणि दूधभात देण्याची रीत आहे. कानडी घरांत दहीभाताचा, म्हणजे मोसरन्नाचा, घास त्याच्यासाठी काढून ठेवला जातो. रोगाचे खापर एकट्या भातावर फोडणे योग्य नव्हे; परंतु रोग जडल्यानंतर भात बंद करावा लागतो, हे निश्चित. मल्लेश्वरम् किंवा बसवनगुडी येथील एखाद्या शाकाहारी कुटुंबाला हे अवघड जाते. अशा वेळी घरात मांस शिजत नाही हे पशुवैद्याला आडपडदा न ठेवता सांगावे. कमी पिष्ट असलेले डबाबंद ओले खाद्य हा त्यावरचा एक मार्ग आहे. कोरड्या दाणेदार खाद्यात पिष्टाचे प्रमाण बहुधा जास्त असते. इन्शुलिन चालू असताना मात्र आहार एकाएकी बदलू नये. पिष्ट कमी होताच इन्शुलिनची गरजही घटते आणि कालचीच मात्रा आज घातक ठरू शकते.

निदानाच्या वेळी एक अडचण हटकून येते. टोपलीत कोंडलेले, रिक्षाच्या खडखडाटाने भेदरलेले मांजर दवाखान्यात पोचते तेव्हा भीतीनेच त्याची रक्तशर्करा वाढलेली असते. निरोगी मांजरातही ती दर १०० मिलिलिटर रक्तात ३०० मिलिग्रॅमच्या वर गेल्याचे आढळते. त्यामुळे जाणता पशुवैद्य एका आकड्यावर विसंबत नाही. तो लघवीतील साखर पाहतो आणि फ्रुक्टोसामिन नावाची चाचणी करवतो. मागल्या दोन-तीन आठवड्यांतील साखरेचा सरासरी अंदाज तीवरून मिळतो. हेब्बाळ येथे १९५८ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आज बीदरच्या विद्यापीठाच्या कक्षेत असून त्याचे रुग्णालयही तेथेच आहे. खाजगी दवाखान्यांची शहरात वाण नाही. दवाखाना कोणताही निवडावा, पण वारंवार बदलू नये. या रोगात मागील नोंदींना फार महत्त्व असते.

बहुतेक मांजरांना दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने, इन्शुलिन टोचावे लागते. मानेपासून पाठीपर्यंतची सैल कातडी चिमटीत उचलून सुई आत सरकवावयाची. सुई इतकी बारीक असते की जेवणात गुंतलेल्या मांजराला पुष्कळदा त्याचा पत्ताही लागत नाही. खरा धोका सुईत नसून मापात आहे. भारतात मानवी इन्शुलिनच्या पुष्कळ बाटल्यांत दर मिलिलिटरला ४० एकके असतात, तर ग्लार्जिनसारख्या इन्शुलिनमध्ये १००. दोहोंच्या पिचकाऱ्या वेगळ्या : ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. १०० एककांचे औषध लाल टोपणाच्या पिचकारीत एका एककाच्या रेघेपर्यंत भरले, तर मांजराच्या अंगात एक नव्हे, अडीच एकके जातात. चार किलो वजनाच्या जनावराला, ज्याची सुरुवातीची मात्रा बहुधा एक एकक किंवा त्याहून कमी असते, एवढा फरक प्राणावर बेतू शकतो. औषधविक्रेत्याने ‘हीही चालेल’ म्हणून दिलेली पिचकारी बाटलीवरील आकड्याशी ताडून पाहिल्याशिवाय वापरू नये. बाटली हलवावी की तळव्यांत घोळवावी, हे औषधागणिक बदलते. तेही विचारून घ्यावे. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअस तपमानात ठेवावी. बर्फाच्या कप्प्यात मुळीच नको, कारण गोठलेले इन्शुलिन निकामी होते.

साखर वाढण्यापेक्षा ती एकदम उतरणे अधिक भयंकर. मांजर झिंगल्यासारखे चालू लागले, थरथरू लागले, त्याला झटके येऊ लागले, तर साखर उतरली असे समजावे. ते शुद्धीवर असेल तर तत्काळ खाऊ घालावे. खात नसेल तर मध किंवा ग्लुकोजचे पाणी हिरड्यांवर चोळावे, आणि लगेच दवाखाना गाठावा. बेशुद्ध प्राण्याच्या तोंडात काही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. टोचलेले औषध आत गेले की बाहेर सांडले, अशी शंका आली तर दुसऱ्यांदा टोचू नये. एक वेळ मात्रा चुकलेली परवडते. मांजर जेवलेच नाही, तर टोचण्यापूर्वी पशुवैद्याला विचारावे. त्याने खाणे सोडले, उलट्या सुरू झाल्या, ते मलूल पडले, तर रक्तात कीटोन साचल्याची शक्यता असते. तेथे घरगुती उपाय चालत नाहीत.

घरच्या माणसांचे खरे काम येथून पुढे सुरू होते. कानाच्या कडेच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब काढून घरच्या यंत्रावर साखर मोजता येते. दवाखान्यातील भीती घरी नसल्याने हा आकडा अधिक विश्वासार्ह असतो. माणसांसाठी बनवलेले यंत्र मांजराच्या रक्तातील साखर बहुधा थोडी कमी दाखवते. म्हणून कोणते यंत्र वापरता हे पशुवैद्याला ठाऊक असावे. बारा तासांत दर दोन तासांनी मोजलेले आकडे मांडले, की औषध किती खाली उतरते आणि किती वेळ टिकते हे त्याला दिसते. साध्या वहीत तारीख, वेळ, खाल्लेले अन्न, टोचलेली एकके, प्यायलेले पाणी आणि आठवड्याचे वजन लिहावे. मात्रा ठरविण्याचा अधिकार मात्र पशुवैद्याचा. एका वाढीव आकड्याने घाबरून रात्री एकक वाढविणाऱ्या प्रेमळ माणसांनी मांजरांचे जेवढे नुकसान केले असेल, तेवढे निष्काळजी माणसांनीही केले नसेल.

रोग लवकर ओळखला, आहार सुधारला आणि साखर काबूत राहिली, तर काही मांजरांचे इन्शुलिन काही महिन्यांत सुटते. या अवस्थेला मराठीत काय म्हणावे, यावर प्रस्तुत अनुवादक बराच काळ अडला. ‘बरे होणे’ हा शब्द फसवा आहे, कारण रोग परत उलटू शकतो. ‘शमन’ हा त्यातल्या त्यात प्रामाणिक शब्द वाटतो. शमनानंतरही वही बंद करू नये. पाण्याचे वाडगे पुन्हा लवकर रिकामे होऊ लागले, तर तोच पहिला इशारा असतो.

अलीकडे तोंडाने देण्याची औषधेही निघाली आहेत. अमेरिकेत २०२२ साली बेक्साग्लिफ्लोझिन आणि २०२३ साली वेलाग्लिफ्लोझिन यांना मांजरांसाठी मान्यता मिळाली. ती मूत्रावाटे साखर बाहेर टाकतात. पण पूर्वी इन्शुलिन घेतलेल्या मांजरांसाठी ती नाहीत, आणि ती चालू असताना रक्तशर्करा फारशी वाढलेली नसूनही कीटोन साचू शकतात. ओळखीच्या कोणी परदेशातून ती औषधे आणून दिली, तर पाकीट फोडण्यापूर्वी ते पशुवैद्याच्या मेजावर ठेवावे.