अनुदान संपल्यानंतर : फिरत्या औषधनिधीचा अभ्यास

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी. यांत देणगीदाराला स्थान नाही. देणगीवर उभ्या राहिलेल्या आरोग्यप्रकल्पांच्या संदर्भात ही गोष्ट मननीय आहे. अनुदान थांबताच बहुधा द्रव्य हा पाद प्रथम लंगडा पडतो. औषधे संपतात आणि रुग्ण येईनासे होतात. द्रव्याच्या गुणांत आचार्यांनी 'बहुता' का गणली, हे अशा वेळी उमगते.

या प्रश्नावरील एक मोठा प्रयोग आफ्रिकेत झाला. सप्टेंबर १९८७ मध्ये मालीची राजधानी बामाको येथे आफ्रिकेतील आरोग्यमंत्र्यांनी जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या सहकार्याने एक धोरण स्वीकारले. औषधांचा पहिला साठा देणगीतून यावा, तो माफक किमतीस विकला जावा, जमा रक्कम केंद्रातच राहावी आणि गावसमितीच्या देखरेखीखाली तिच्यातून पुढील खरेदी व्हावी, असे त्याचे स्वरूप होते. बेनिन व गिनी येथील अनेक केंद्रे या मार्गाने चालली. मात्र अतिदरिद्री रुग्ण शुल्कामुळे दूर राहिले. पुढे जानेवारी १९९४ मध्ये सीएफए फ्रँकचे मूल्य निम्मे करण्यात आले, तेव्हा बेनिन व माली येथे त्याच आयात औषधांस स्थानिक चलनात दुप्पट रक्कम लागू लागली.

निधी कसा आटतो, हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, १०,००० रुपयांचा साठा आहे. त्यातील दशांश गरिबांस विनामूल्य दिला व उरलेला खरेदीच्या भावाने विकला, तर ९,००० रुपये हाती येतात. दरम्यान भाव १० टक्क्यांनी वाढले, तर तेवढ्याच साठ्यास ११,००० रुपये लागतील. म्हणजे पहिल्याच फेरीत सुमारे १८ टक्के साठा घटला. तो कायम राखण्यासाठी विक्रीची किंमत खरेदीपेक्षा सुमारे २२ टक्के अधिक हवी. मुदतबाह्य औषधांची हानी याहून वेगळी.

यावरून धर्मार्थ दवाखाने चालविणाऱ्या व्यावसायिक बंधुभगिनींनी पुढील पथ्ये पाळावीत :

१. किंमत पुढील खरेदीचा भाव पाहून ठरवावी.
२. विनामूल्य औषधांसाठी स्वतंत्र निधी ठेवावा. गरिबांचा भार फिरत्या निधीवर टाकू नये.
३. वैद्याचे मानधन औषधविक्रीशी जोडू नये. अन्यथा अनावश्यक औषधे देण्याचा मोह होतो.
४. अनुदान चालू असतानाच विक्री व हिशेब सुरू करावेत. फुकटाची सवय लागल्यावर शुल्क आकारणे दुष्कर होते.

देणगी हे विरजण आहे. पुढील दह्यासाठी त्यातले थोडे रोज राखून ठेवावे लागते.